एक स्लॉट नंतरसाठी

चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेले आणि घरातला लॅपटॉप एका रात्रीत म्हातारा झाला. तोवर तो बरा चालत होता. सुरू करावा, चहाचं आधण ठेवावं, चहा गाळून कप घेऊन परत यावं, तोपर्यंत पडद्यावर काहीतरी उगवलेलं असायचं. मला त्यात वावगं वाटत नव्हतं. आमच्या ऑफिसातली माणसं तरी सकाळी आल्या आल्या कुठे कामाला लागतात?

"नवा लॅपटॉप नको," चिरंजीव म्हणाले, "आपण डेस्कटॉप बिल्ड करू."

'घेऊ' नाही, 'बिल्ड करू'. आमच्या घराण्यात काही बांधायला काढण्याचा शेवटचा प्रयत्न आजोबांनी केला होता, सातारा जिल्ह्यात, आणि ते घर जोत्याच्या वर गेलं नाही. त्यातून धडा घेऊन वडिलांनी वाशीत सिडकोचं तयार घर घेतलं. त्याच घरात आम्ही अजून राहतो, आणि इतक्या वर्षांत भिंतीला खिळा ठोकण्यापलीकडे मी काही बिल्ड केलेलं नाही. तोही एकदा पलीकडे शेजाऱ्यांकडे निघाला.

बजेटची बैठक दहा मिनिटांत आटोपली. बायकोने चाळीस हजार मंजूर केले.

"मॉनिटरसकट?" मुलाने विचारलं.

"मॉनिटरसकट, वायरींसकट, आणि आणायला जी काही रिक्षा लागेल तिच्यासकट. कीबोर्ड-माऊस जुनेच."

त्याच रात्री एक्सेलची शीट उघडली गेली. आठवड्याभरात तिच्या पाच आवृत्त्या झाल्या: 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरी', 'फायनल आईची', आणि एक 'बाबांना दाखवू नये' नावाची, जी अर्थातच मी सगळ्यात आधी उघडली. तिची बेरीज एक लाख अठरा हजार होती.

मी या विषयात अगदीच कोरा नाही. २००२ साली मीही असेंबल्ड घेतला होता, लॅमिंग्टन रोडवरून. या रस्त्याचं नाव कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारला तर खुद्द त्या रस्त्यावरचा माणूस तुम्हाला पोस्टात पाठवील. लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ साली मुंबईचं गव्हर्नरपद सोडून गेले. रस्त्याने मात्र त्यांना सोडलं नाही. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला. लॅमिंग्टन रोडवर मिळालेली आणि विनातक्रार पाच वर्षं चाललेली मला माहीत असलेली ती एकमेव वस्तू.

तर २००२ साली त्या दुकानदाराने मला एकच प्रश्न विचारला होता, "बजेट किती?" मी आकडा सांगितला आणि माझं काम संपलं. पेंटियम फोर, १२८ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, सगळं त्यानेच ठरवलं. "रॅम कमी वाटते," असं मी उगाच, काहीतरी कळतंय असं दाखवायला, म्हणालो. त्याने झाकण उघडून आतली रिकामी खाच दाखवली. "साहेब, एक स्लॉट खाली ठेवलाय. नंतर वाढवा." त्या 'नंतर'वर मी जाम खूश झालो. वस्तूबरोबर भविष्यही फुकट मिळालं होतं.

आता मात्र ठरवणं गिऱ्हाइकाच्या गळ्यात आहे, आणि पहिला पेच प्रोसेसरचा. प्रोसेसर कुठल्या सॉकेटमध्ये बसतो त्यावर मदरबोर्ड ठरतो, मदरबोर्डावर रॅमची जात ठरते, आणि एकदा चुकलं की पुढचं सगळं चुकतं. लग्नाच्या पत्रिकेची उपमा इथे आपसूक जिभेवर येते, पण मी ती गिळली, कारण आमची पत्रिका जुळली नव्हती आणि तरी बावीस वर्षं मशीन चालू आहे. आवाज करतं, पण चालू आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्डाचं तसं नाही. तिथे तडजोड करायला गेलं की पाय वाकतो. हे शब्दशः. एएम-४ जातीच्या प्रोसेसरला पोटाखाली १३३१ पाय असतात, केसासारखे, आणि त्यातला एक जरी वाकला तरी बाकीचे १३३० संपावर जाऊ शकतात.

मुलाला एएम-५ हवा होता. तो २०२२ सालचा, नवा. त्यात पुढची काही वर्षं नवे प्रोसेसर बसत राहतील, निदान २०२७ पर्यंत तरी, असं खुद्द एएमडीने सांगितलंय, हे त्याने मला ज्या सुरात सांगितलं त्या सुरात माझे वडील एलआयसीबद्दल बोलायचे. पण एएम-५ला डीडीआर-५ रॅमच लागते. एएम-४ हा २०१६ सालचा म्हातारा, जुन्या डीडीआर-४वर भागवणारा. चाळीस हजारांत म्हाताऱ्यालाच पुढे करावं लागतं हे शीटच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच्याही लक्षात आलं.

मी दरम्यान माझा एक स्वतंत्र शोध लावला होता. इंटेलचा आय-३ १२१०० आणि त्याच्याच शेजारी आय-३ १२१००एफ. तीच कंपनी, तीच चार डोकी, आणि एफवाला स्वस्त! इतकी उघड गोष्ट पोराच्या नजरेतून निसटली कशी, या आनंदात मी परस्पर वाशीतल्या एका दुकानात गेलो.

"कार्ड कुठलं लावणार?" दुकानदाराने विचारलं.

"कार्ड नंतर बघू."

"मग चित्र पण नंतर बघा."

त्या 'एफ'चा अर्थ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नाही, असा निघाला. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावेपर्यंत मॉनिटर काळाच राहणार. आमच्या वेळी प्रगतिपुस्तकात एफ दिसला की पुढे काही विचारायची गरज नसे. इतक्या वर्षांनी त्याच अक्षराने मला पुन्हा बसवलं. शेवटी रायझन ५ ५६००जी ठरला. तो २०२१ सालचा, ग्राफिक्स पोटातच असलेला. ग्राफिक्स कार्डाचा लांबलचक स्लॉट मदरबोर्डावर आहेच. तो रिकामा. नंतर.

'बॉटलनेक' नावाची एक गोष्ट मला मुलाने दोन दिवस समजावली. एक भाग दांडगा आणि दुसरा किरकोळ घेतला तर दांडग्याचे पैसे पाण्यात. मी त्याला इतकंच विचारलं, म्हणजे पाम बीचवरून दहा मिनिटांत सानपाडा आणि पुढे खाडीपूल ओलांडून मानखुर्द गाठायला पाऊण तास, तसंच ना? तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ते वहीत लिहून घेतलं. बापाचं वाक्य पोराने लिहून घेण्याचा प्रसंग आमच्या घरात त्यापूर्वी घडला नव्हता.

त्यानंतर नवी मुंबईने मला हात दिला तो डिस्कच्या वेळी. ५०० जीबीची एसएसडी लावली की पडद्यावर ४६५च दिसतात. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या, आणि मधले पस्तीस जीबी दोघांच्या हिशेबात विरतात. तो हे फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगत होता, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणालो, "म्हणजे सुपर बिल्ट-अप आणि कार्पेट." ज्याने खारघर-कामोठ्यात एकदा तरी फ्लॅट बघितलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. माझ्या २००२च्या ४० जीबीच्या डिस्कवर सदतीसच दिसायचे. यूपीएसवर ठळक अक्षरांत ६०० लिहिलेलं असतं ते व्हीए, आणि प्रत्यक्षात मिळतात बहुधा ३६० वॅट. बाकीचे जिन्यात आणि लिफ्टच्या पॅसेजमध्ये गेले असणार. घरांसाठी निदान महारेरा आलं. डिस्कला वाली नाही.

एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, बाबतीत मात्र मी हट्ट धरला. कॅबिनेटबरोबर एक एसएमपीएस फुकट मिळत होता, वर ४५० वॅटचं स्टिकर. मी तो हातात घेऊन बघितला. रिकाम्या बिस्किटाच्या डब्याइतका हलका. उमेदीच्या काळात एपीएमसीच्या गाळ्यांवर हिशेब लिहिलेला माणूस आहे मी. गोण हलकी लागली की आत काय असेल ते न उघडता कळतं. चांगल्या एसएमपीएसवर '८० प्लस' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, भार कमी असो, मध्यम असो की पूर्ण, भिंतीतून घेतलेल्या विजेतले निदान ऐंशी टक्के तो पुढे पोचवतो. उरलेली वीज उष्णतेत जाते. माझ्या पगाराचंही प्रमाण साधारण हेच आहे. तीन हजार मोजून वजनदार एसएमपीएस घेतला आणि दुकानात पहिल्यांदाच मुलाने माझ्याकडे आदराने पाहिलं.

कॅबिनेटच्या दालनात आम्हा दोघांत पुन्हा फाटलं. त्याला काचेचं हवं होतं. आत लाल-हिरवे-निळे पंखे, रंग पळतायत, बाजू पारदर्शक. मला ते गणपतीचं मखर वाटलं. दीड दिवस ठीक, बारा महिने कोण ठेवणार? शिवाय समोरून काच लावली की हवा आत जाणार कुठून? आमच्याकडे पावसाळ्यात चपला मागच्या मागे हिरव्या होतात, आणि उरलेले आठ महिने कुठल्या ना कुठल्या इमारतीचं पुनर्विकासाचं काम चालू असतं. जाळीचं, साधं, काळं कॅबिनेट घेतलं. एक रंगीत पंखा त्याने हळूच बिलात घुसवला. मी पाहिलं, बोललो नाही.

ते कॅबिनेट मात्र आम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणलं, कारण तिथे ते चारशे रुपयांनी स्वस्त होतं. वाशी ते कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड, आणि तेच सगळं उलटं, हातात एवढं खोकं घेऊन. परतताना कुर्ल्याला मालडब्यात चढलो. एक कोळीणबाई रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या.

"काय हाय यात? टीवी?"

"कॉम्प्युटर."

"चालू हाय?"

"नाही, आत काही नाही अजून. रिकामंच आहे."

"मंग माजी पाटी ठेव वरती, पाय दुखाया लागले."

मानखुर्दपर्यंत कॅबिनेटवर पाटी होती. खोक्याला पुढे चार दिवस बोंबलांचा वास येत होता. चारशे रुपयांपैकी तिकिटं, वडापाव आणि उसाचा रस वजा जाता किती वाचले हे बायकोने विचारलं, आणि आम्ही दोघांनीही पंख्याकडे बघितलं.

आता रॅम. शीटमध्ये ती आम्ही सगळ्यात खाली लिहिली होती, आमटीत मीठ धरतात तशी. दिवाळीच्या आधी भाव बघून ठेवला होता. नाताळानंतर घ्यायला गेलो तर दुपटीच्या वर. मला वाटलं दुकानदार गंमत करतोय. दुसऱ्या दुकानात विचारलं तर त्याने गंमत आणखी पाचशेनी वाढवली.

कारण असं की जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना वेगळ्या, महागड्या जातीची मेमरी लागते, आणि त्यांच्यासारखं मोठं गिऱ्हाईक दाराशी उभं असताना आमच्यासारख्या रॅमच्या एका कांडीवाल्याकडे कोण बघतो? कारखान्यातली जागा तिकडे वळली. डीडीआर-४ तर तशीही बंद करायला काढलेली. मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ला जाहीरच करून टाकलं की क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला २९ वर्षांचा धंदा आता आवरता घेणार. ज्या ब्रँडच्या कांडीवर आम्ही टिकमार्क केला होता, तोच.

आणि डेटा सेंटरं म्हणजे काही अमेरिकेतच नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून निघावं. रबाळे, महापे, जिथे एके काळी कारखान्यांच्या वासावरून डोळे मिटून ठिकाण ओळखता यायचं, तिथे आता मोठमोठ्या, खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. माझ्या आईला तर त्या बघून बांधणाऱ्याची काळजी वाटते: "एवढी मोठी बांधली आणि खिडक्या विसरले." आत हजारो मशीनं रात्रंदिवस गार हवा खात बसलेली, प्रत्येकाच्या पोटात किती रॅम असेल कोण जाणे. आणि त्यांच्यापासून चार स्टेशनांवर राहणारा आमचा मुलगा आठ जीबीच्या एका कांडीसाठी तोंड वेंगाडतोय. पण वाशीकराला याचंही नवल वाटायचं कारण नाही. आशियातल्या मोठ्या बाजारांत गणली जाणारी कांदा-बटाट्याची बाजारपेठ आमच्या शेजारी, तुर्भ्यात. रात्रभर ट्रक आमच्या झोपेवरून जातात. आणि सकाळी कोपऱ्यावरच्या हातगाडीवर तोच कांदा आम्ही कुठल्या भावाने घेतो ते विचारू नका.

हा मुद्दा मी घरी मांडला आणि तिथेच फसलो.

"मग रॅम कमी घाला," बायको म्हणाली. "कांदा महागला की मी कमी घालते. आजवर कुणी जेवताना उठून गेलंय?"

"आई, दोन कांड्या लागतात," मुलगा कळवळला. "ड्युअल चॅनेल! दोन आठ-आठच्या लावल्या की दोन रस्ते मिळतात, एकच लावली की एक. आणि ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात आहे ना, ते पण हीच रॅम वापरणार. एकीने सगळं अर्ध्यावर येईल."

"अर्ध्यावर येईल, बंद पडणार नाही ना?"

"बंद नाही पडणार, पण…"

"मग एक आत्ता. दुसरी नंतर."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी बाप म्हणून काहीतरी बोलावं अशी अपेक्षा त्या नजरेत होती. आणि माझ्या तोंडून, चोवीस वर्षं आत कुठेतरी दडून बसल्यासारखं, वाक्य बाहेर पडलं: "एक स्लॉट रिकामा ठेवू. नंतर वाढवता येईल."

खरं तर मीच हे बोलायला नको होतं. त्या पेंटियमचा रिकामा स्लॉट मी कधीच भरला नाही. आधी पैसे नव्हते. मग पैसे आले तेव्हा हा झाला. मग एकदा खरोखरच वेळ आणि पैसे दोन्ही एका शनिवारी जमले, मी लॅमिंग्टन रोडला गेलो, आणि कळलं की त्या जातीची रॅम आता येत नाही. डीडीआर-२ होती, डीडीआर-३ही आली होती. पण प्रत्येक पिढीला मधला काप वेगळ्या जागी; मागची पुढच्यात बसत नाही, पुढची मागच्यात नाही. दुकानदार म्हणाला, "जुन्यात बघा कुठे मिळाली तर." म्हणजे मशीनला जे 'नंतर' दिलं होतं ते मधल्या मधे संपून गेलं होतं, आणि मला कुणी कळवलं नव्हतं. भंगारवाल्याला दिलं तेव्हा त्या स्लॉटमध्ये झुरळाची अंडी निघाली. कुणीतरी वापरला एवढंच समाधान.

जोडणीचा कार्यक्रम रविवारी जेवणाच्या टेबलावर झाला. आई खुर्ची ओढून समोर बसली, साबुदाणा निवडायला घेऊन. प्रोसेसर बसवताना तिघांनीही श्वास धरला होता. त्यावर थर्मल पेस्ट लावायची; किती, तर मुलगा म्हणाला वाटाण्याएवढी.

"ओला की वाळलेला?" बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त होता. दोन्हींत बराच फरक आहे. मुलाने तासाभराचा व्हिडिओ बघितला होता, पण त्यात हे नव्हतं. शेवटी तूरडाळीच्या दाण्याहून मोठा आणि साबुदाण्याहून थोडा… असं करत आईच्या सुपातला एक दाणा नमुन्याला शेजारी ठेवला आणि पेस्ट टाकली. मग बटण दाबलं. पंखे फिरले, रंगीत पंखा विशेष उत्साहाने फिरला, पडदा काळा.

पुढचा तास सांगण्यासारखा नाही. रॅम काढून घातली, मॉनिटरची वायर बदलली, मी दोनदा "वॉरंटी किती?" विचारलं आणि दोन्ही वेळा मला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. अखेर सापडलं ते एवढंच: प्रोसेसरची वेगळी पॉवर केबल लावायची राहिली होती. मदरबोर्डाच्या कोपऱ्यातली, बोट न पोचणाऱ्या जागेतली. ती लावली आणि पडद्यावर अक्षरं आली. दहा-बारा सेकंदांत विंडोज. चहाचं आधण ठेवायलाही सवड नाही. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

मुलाने पहिल्यांदा मेमरी उघडून पाहिली. आठ जीबी. खाली बारीक अक्षरांत: वापरण्याजोगी, सात आणि काही अपूर्णांक. ग्राफिक्सने आपला वाटा आधीच कापून घेतला होता.

"कार्पेट," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

कॅबिनेटची बाजू अजून उघडीच होती. आई चष्मा सारखा करून आत डोकावली. हिरव्या पाटीवर शेजारी शेजारी दोन खाचा. एकीत कांडी, दुसरी मोकळी.

"ही का रे मोकळी?"

"ती नंतरसाठी, आई. पुढे वाढवता येतं."

"हे बरंय," ती म्हणाली आणि परत साबुदाण्याकडे वळली. मला वाटलं विषय संपला. नवी मुंबईत हे वाक्य पुरेसं असतं. मेट्रोचं काम २०११ साली सुरू झालं, बेलापूर-पेंधर गाडी धावली २०२३च्या नोव्हेंबरात. विमानतळाच्या नावावर तर पनवेलपर्यंतच्या जमिनी तीन वेळा विकल्या गेल्या असतील. पहिलं प्रवासी विमान उडालं २०२५च्या नाताळात. आम्ही शहरच असं घेतलंय, अर्धे स्लॉट रिकामे ठेवून.

"हे घर घेताना तुझ्या वडिलांना असंच सांगितलं होतं," आई सुपात बोट फिरवत म्हणाली. "घर आत्ता, रेल्वे नंतर. मंत्रालयापर्यंत बसने जायचे रे रोज. पहाटे निघायचे. म्हणायचे, अगं, येणारच आहे गाडी, नकाशात दाखवलीय."

"आणि आलीच की, आजी," मुलगा म्हणाला. रंगीत पंख्याचा रंग त्याने निळ्यावर आणून ठेवला होता. "ब्याण्णव साली."

"आली ना," आई म्हणाली. "ते रिटायर झाले, त्याच साली."